जुना चाकू : गंज काढावा, खूण राखावी

ज्या घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या हातचा घडीचा चाकू आहे, त्या घराने तो दुरुस्त करावा की आहे तसाच ठेवावा, आणि दुरुस्त करावयाचा तर कोठवर, हा आजच्या पाठाचा विषय आहे. विषय लहान दिसतो. परंतु अशी वस्तू अनास्थेने जितकी बिघडते, तितकीच अतिउत्साहानेही बिघडते, आणि दुसऱ्या प्रकारचा बिघाड पुन्हा भरून निघत नाही. म्हणून ह्या कामाचा क्रम व त्याची मर्यादा ही दोन्ही नीट समजून घेणे अवश्य आहे.

भिवंडी तालुक्यातील वाचकांस हा प्रश्न विशेष लागू पडतो. एक तर येथील हवा. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीने शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. खाडी जवळ आहे. आणि आषाढ-श्रावणात घरातील विळा, कोयता, सुरी ह्या सर्वांवर तांबूस थर चढतो, हे सांगावयास नको. दुसरे असे की, एके काळी हातमागाचे आणि पुढे यंत्रमागाचे असलेले हे गाव आता गोदामांचेही झाले आहे. मुंबईस जाणारा पुष्कळ माल नाशिकच्या रस्त्यालगतच्या ह्या गोदामांत उतरतो, आणि त्यात चकचकीत नवे चाकूही असतात. ते थोडक्या पैशांत घरपोच मिळतात. मग जुन्यावर श्रम कशाला करावे, असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर चाकूच्या किंमतीत नसून त्याने केलेल्या कामात आहे.

१. चाकूने काय काम केले?

उदाहरणासाठी एक चाकू डोळ्यांपुढे आणू. त्याचा धनी गावच्या शाळेत शिक्षक होता व घरी थोडी भातशेती करीत असे. सकाळी मुले देवनळाचे बोरू घेऊन त्याच्यापुढे उभी राहत, आणि तो प्रत्येकाचा बोरू तासून, टोकास तिरकस कापून, मध्ये बारीक चीर पाडून देत असे. मोडीची दप्तरे व बाळबोधीचे कित्ते बोरूने लिहिले जात, तेव्हा चांगला चाकू ही शिक्षकाच्या खिशातील नित्याची वस्तू होती. लेखणीस आपण कलम म्हणतो, आणि झाडाचे बांधतात तेही कलमच. तोच चाकू पावसाळ्याच्या आरंभी आंब्याच्या कोवळ्या रोपावर चालत असे. कलमात काप स्वच्छ पडला तर दोन्ही सालींचा जीव एक होतो. काप फाटका पडला तर सांधा कुजतो. असा चाकू वर्षानुवर्षे निसण्यावर घासला जाऊन झिजतो. पाते मूळ रुंदीच्या निम्मे उरते आणि मध्यभागी किंचित खोलगट होते.

तो खोलगटपणा हा दोष नव्हे. धनी कोणत्या हाताने घाशी, दगडावर पात्याचा कोणता भाग अधिक टेकवी, हे त्यात लिहिलेले असते. जसे एखाद्याचे अक्षर, तशी ही झीज. ज्या घरात त्या माणसाचे छायाचित्र नाही व पत्रही उरले नाही, त्या घरात त्याच्या हाताची एवढीच खूण शिल्लक असू शकते. हे ध्यानात ठेवूनच पुढील सर्व कृती करावयाची आहे.

२. गंज म्हणजे काय, आणि गंज नव्हे ते काय?

जुन्या चाकूचे पाते बहुधा साध्या पोलादाचे असते. पोलाद म्हणजे ज्यात अल्प प्रमाणात कार्बन मिसळला आहे असे लोखंड. न गंजणारे पोलाद, ज्यास आपण स्टेनलेस म्हणतो, ते पुढचे. इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली ह्याने १९१३ साली क्रोमियम मिसळून तसे पोलाद ओतले, आणि त्यानंतर ते हळूहळू सुऱ्या-चाकूंत आले. साध्या पोलादास धार उत्तम लागते, पण त्यास ओल सोसत नाही.

लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू ही तीन एकत्र आली की तांबडा गंज होतो. तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि त्यामुळे आपल्याखालचे लोखंड अधिक खातो. शिवाय तो मूळ लोखंडाहून दुपटीपेक्षा अधिक जागा व्यापतो. घडीच्या चाकूचा सांधा घट्ट बसतो व पाते उघडत नाही, ते ह्याच कारणाने. हा गंज रोग होय. तो काढलाच पाहिजे.

परंतु जुन्या पात्यावर दुसराही एक रंग असतो : करडा, निळसर काळा, कोठे ढगासारखा. कैरी, लिंबू, कांदा, सुपारी चिरताना त्यांतील आंबट व तुरट रस पोलादास लागतो व हा रंग हळूहळू चढतो. हिरड्याच्या पाण्यात हिराकस घातला की काळी शाई होते, हे जुन्या लोकांस ठाऊक होते. तुरट रस व लोह ह्यांची गाठ पडली की काळेपणा येतो, तीच गोष्ट पात्यावर घडते. हा काळेपणा घट्ट बसलेला असतो, बोटास लागत नाही, आणि तांबड्या गंजास थोडाबहुत अटकावच करतो. तो रोग नव्हे. तो घासून पाते चांदीसारखे करणे म्हणजे चाळीस वर्षांच्या कैऱ्या-कांद्यांचा हिशेब पुसून टाकणे होय, आणि वर उघडे पडलेले पोलाद पुढच्याच पावसाळ्यात पुन्हा तांबडे होते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. पांढऱ्या फडक्यास तेलाचा थेंब लावून घासावे. फडके तांबडे झाले तर गंज. डाग स्थिर राहून फडके जवळजवळ स्वच्छ निघाले तर ती खूण.

३. आधी पाहावे, मग हात लावावा

काम आरंभण्यापूर्वी चाकू दिवसाच्या उजेडात न्याहाळावा. पात्याची लांबी, रुंदी, मुठीचा प्रकार, कोठे तडा आहे, कोठे खिळा सैल आहे, हे वहीत लिहावे. हल्ली दूरध्वनीवर छायाचित्र घेता येते. दोन्ही बाजूंनी घ्यावे. घरातील वडील माणसांस विचारून चाकूची हकीकत त्याच वहीत उतरून ठेवावी. पोलाद शंभर वर्षे टिकते, परंतु हकीकत सांगणारे माणूस तितके टिकत नाही. म्हणून ही पायरी शेवटास ठेवू नये.

पात्याच्या बुडाशी अक्षरे किंवा चिन्ह असल्यास भिंगाने पाहावे. आपल्या देशात शेफील्डचे चाकू पुष्कळ येत. जोसेफ रॉजर्स आणि सन्स ह्या तेथील जुन्या पेढीची खूण तारा व क्रूस अशी होती. मुकुटाच्या दोहों अंगांस व्ही व आर ही इंग्रजी अक्षरे असली तर ती बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या काळाची, म्हणजे १८३७ ते १९०१ ची, निशाणी होय. तथापि चिन्हावर आंधळा विश्वास ठेवू नये. नामांकित गावांची व पेढ्यांची नावे इतरांच्या मालावर उमटविण्याचा प्रकार त्या काळी इतका वाढला की इंग्लंडात १८८७ साली व हिंदुस्थानात १८८९ साली मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदे करावे लागले. आणि समजा, खूण खोटी निघाली, तरी आजोबांनी त्या चाकूने तासलेले बोरू खोटे ठरत नाहीत.

४. सांधा सोडविणे व गंज काढणे

पाते उघडत नसल्यास नखाने किंवा पकडीने ओढू नये, हातोडी तर मुळीच लावू नये. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-चार थेंब सोडून चाकू कागदावर एक दिवस उभा ठेवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब सोडावे. मग पाते फडक्यात धरून केसभर उघडावे, केसभर मिटावे. तेल तांबडे होऊन बाहेर येईल. ते पुसावे व पुन्हा तेल द्यावे. ज्यांच्या घरी मागाचे काम आहे त्यांच्याकडे टाकाऊ सूत असतेच; पुसण्यास त्यासारखे दुसरे नाही. दोन-तीन दिवस लागले तरी लागू द्यावे. पाते मुठीत ज्या खोबणीत बसते तिच्यात जुनी धूळ व सुताचे तंतू साचलेले असतात. ते काढण्यास बांबूची चोय वापरावी, खिळा नव्हे.

पात्यावरील गंजाच्या खवल्या काढण्यास तांब्याचा किंवा पितळेचा पातळ तुकडा घ्यावा. तांबे व पितळ पोलादाहून मऊ असल्यामुळे गंज निघतो, परंतु पात्यावर ओरखडा उठत नाही. उरलेल्या डागांवर तेल लावून अगदी बारीक पॉलिश कागद पात्याच्या लांबीच्या दिशेने हळू फिरवावा; आडवा किंवा गोल फिरवू नये. अक्षरांवर कागद फिरवूच नये. गंजाने जेथे खड्डा पडला आहे तेथे खड्डा राहू द्यावा. खड्डा नाहीसा करावयाचा म्हणजे भोवतालचे सर्व चांगले पोलाद खाली आणावयाचे, आणि झिजलेल्या पात्यास तेवढे पोलाद खर्चणे परवडत नाही.

चिंचेत किंवा शिरक्यात सबंध चाकू बुडवून ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. तिने गंज सुटतो हे खरे, परंतु आंबट पाणी सांध्यात व मुठीखाली शिरते, तेथून धुऊन निघत नाही, आणि बाहेरून स्वच्छ दिसणारा चाकू आतून खात राहते. भांड्यास जे चालते ते सांधा असलेल्या वस्तूस चालत नाही.

५. मूठ

मूठ लाकडाची, हाडाची किंवा शिंगाची असते. शिंग हे आपल्या नखांच्याच जातीचे द्रव्य आहे. पाण्यात ते फुगते, उन्हात वाळून त्याचे पापुद्रे सुटतात, आणि कसरीसारखे किडे ते खातात. म्हणून मूठ पाण्यात भिजवू नये, उन्हात ठेवू नये. ओलसर फडक्याने पुसावी, लगेच कोरडी करावी, आणि तेलाचा हात फिरवावा. आतील पितळी पत्र्यावर हिरवा थर आला असेल तर तो चोयीने खरवडून पुसावा.

खिळा सैल असला तर तो कसबी कारागिराकडून ठोकून घ्यावा; घरी ठोकताना हाड व शिंग तडकण्याचा संभव असतो. हस्तिदंताची मूठ फुटली असल्यास तसाच नवा तुकडा शोधण्याच्या भरीस पडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढे सुधारणा होऊन हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशात बंद झाला आहे. तडा गेलेली मूठ तडा गेलेली राहिली तरी चाकूची प्रतिष्ठा जात नाही.

६. धार

ह्या कामात सर्वांत मोठा धोका येथे आहे. चाकू स्वच्छ झाला की पुष्कळ लोक तो दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकाखाली देतात. कसबी मनुष्य मध्ये मध्ये पाण्यात बुडवून धार लावतो, त्याविषयी तक्रार नाही. परंतु कोरड्या चाकावर पातळ पाते क्षणात तापते.

ह्याचे कारण पाहू. चाकूचे पाते घडविताना लोहार ते लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवितो. त्यामुळे पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. तो ठिसूळपणा जावा म्हणून त्यास पुन्हा बेताने, सुमारे २०० ते २५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. ह्या सर्व कृतीस आपल्या भाषेत पाणी देणे म्हणतात. चाकावर पाते तापून धार निळी दिसू लागली, तर उष्णता ३०० अंशांच्या आसपास गेली असे समजावे. मग दिलेले पाणी उतरते. त्या जागचे पोलाद मऊ होते व धार दोन दिवसही टिकत नाही. माणसाचे पाणी उतरले असेही आपण म्हणतो. उतरलेले पाणी परत द्यावयाचे तर सबंध चाकू उकलून पुन्हा भट्टीत घालावा लागतो, म्हणजे जुना चाकू संपलाच.

म्हणून धार घरीच, निसण्यावर, हाताने लावावी. कुरुंदाचा दुहेरी दगड बाजारात मिळतो, एका बाजूस भरड व दुसऱ्या बाजूस बारीक. झिजलेल्या पात्यास बहुधा बारीक बाजूच पुरते. दगड ओला करावा. पाते दगडावर सपाट ठेवून त्याची पाठ थोडी उचलावी. किती उचलावी हे समजण्यास कागदाचा चौकोनी कोपरा घ्यावा. तो एकदा दुमडला की काटकोनाचा अर्धा होतो, पुन्हा दुमडला की पाव. तो पाव कोन सुमारे २२ अंशांचा असतो. त्याएवढे किंवा त्याहून किंचित कमी पाते कलते ठेवावे. पाते १२ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ सुमारे ४ मिलिमीटर वर येते. एवढे कलते धरून, दगडाचा पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा रीतीने पाते पुढे न्यावे. जोर लावू नये. एका बाजूस घासता घासता दुसऱ्या बाजूस धातूची अतिसूक्ष्म कड वळलेली बोटास जाणवली की बाजू बदलावी. अखेरीस जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे करून, दहा-वीस वेळा ओढावे.

धार अंगठ्यावर पाहू नये. वर्तमानपत्राचा कागद हातात उभा धरून कापून पाहावा. कागद न फाटता सरळ कापला गेला की काम झाले. लहान मुलांसमोर हे काम करावे, परंतु त्यांच्या हाती चाकू देण्यापूर्वी तो मिटावा कसा, आणि दुसऱ्यास देताना मूठ पुढे करून द्यावा कसा, हे आधी शिकवावे.

७. कोठे थांबावे?

पाते मोडले असेल तर नवे बसवावे काय? आमचे मत असे : खिळा बदलला तर चाकू तोच राहतो, कारण खिळ्याने काम सांभाळले, केले नाही. मूठ बदलली तरी तो बराचसा तोच राहतो. परंतु पाते बदलले तर तो नवा चाकू झाला, असे सरळ म्हणावे व मुलांसही तसेच सांगावे. मोडक्या पात्याचा जुना चाकू फडक्यात गुंडाळून ठेवणे हे अधिक प्रामाणिक आहे. त्याच न्यायाने मुठीवर कोरलेले वेडेवाकडे आद्याक्षर नीटस करू नये, तुटलेले टोक घासून नवे काढू नये, आणि झिजेचा खोलगटपणा सरळ करू नये. चाकूस काम करता यावे, एवढीच दुरुस्तीची हद्द आहे. तो नवा दिसावा ही इच्छा हद्दीपलीकडची आहे.

साध्या वस्तूंस एवढा मान द्यावा काय, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी पुणे येथील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांचा राजा नावाचा मुलगा बालपणीच वारला. केळकरांनी आयुष्यभर घरोघर हिंडून जमविलेल्या वस्तूंस त्याचे नाव दिले, आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. त्यात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, दौती आहेत. त्यांतील पुष्कळ वस्तू रोजच्या वापराने झिजलेल्या आहेत. कोणा अनामिकाने हातात धरलेला अडकित्ता पाहताना त्याच्या झिजेपाशीच पाहणाराची नजर थांबते. आपल्या घरच्या चाकूच्या धन्याचे नाव तर आपल्यास ठाऊक आहे. मग त्याची खूण आपण का पुसावी?

आणखी एक गोष्ट. वडिलांच्या मागे वाटणी होते तेव्हा शेत व घर मोजून वाटता येते, चाकू वाटता येत नाही. तो कोणाकडे असावा ह्यावरून भावांत अबोला धरू नये. जो त्याची निगा राखील त्याच्याकडे तो असावा, आणि हकीकतीच्या वहीची प्रत सर्वांच्या घरी असावी.

८. पुढील निगा

कापून झाल्यावर पाते तत्काळ पुसावे. पाण्यात पडू देऊ नये. फळे-भाजी कापण्याच्या चाकूस खोबरेलाचा पातळ हात पुरे, परंतु ते तेल साचून चिकट होते, म्हणून सांध्यात मात्र यंत्राचेच तेल घालावे आणि वरचे पुसून टाकावे. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते. तेल लावलेल्या सुती फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवावा. वर्षातून दोनदा तरी उघडून पाहावा : एकदा मृगाच्या आधी, व एकदा पावसाळा सरल्यावर, जेव्हा गावात खंडेनवमीस हत्यारे-अवजारे पुसली जातात. आणि अधूनमधून त्याने काम करावे. एखादी पेन्सिल तासावी, एखादा आंबा कापावा. केवळ डब्यात पडलेल्या चाकूचा गंज कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वापरातल्या चाकूचा दुसऱ्या दिवशी दिसतो.

पाठावरील प्रश्न

१. तांबडा गंज व काळी खूण ह्यांतील भेद कसा ओळखावा?
२. सांधा असलेली वस्तू चिंचेच्या पाण्यात का बुडवू नये?
३. पाणी देणे व पाणी उतरणे म्हणजे काय? कोरड्या चाकाने कोणती हानी होते?
४. खिळा, मूठ व पाते ह्यांपैकी काय बदलले असता चाकू तोच राहत नाही? आपले कारण सांगा.
५. आपल्या घरी वडील माणसाच्या हातची कोणती अवजारे आहेत? त्यांतील एकाची हकीकत, ती जाणणारे माणूस जवळ आहे तोवर, ह्याच आठवड्यात लिहून काढा.